रुग्णालयाची थकबाकी: दाखल करण्याच्या काउंटरपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

दुपारी दोनचा सुमार. डिस्चार्जची फाईल तयार होती, खाली रिक्षा थांबली होती आणि राधानगरीकडच्या एका गावातून आलेल्या आजी माझ्या काउंटरसमोर पदराची गाठ सोडत होत्या. गाठीत मंगळसूत्र होतं. नातवाच्या मांडीचं हाड मोडलेलं, प्लेट बसवलेली, बिलाला अठरा हजार कमी पडत होते. "ह्ये ठेवून घ्या ताई, आनि पोराला सोडा," म्हणाल्या. मी मंगळसूत्र परत गाठीत बांधायला लावलं आणि त्यांच्या मुलाला दूध संस्थेचं पासबुक आणायला सांगितलं. दोन म्हशी होत्या, पशुखाद्याचे पैसे कापून दहा दिवसाला साडेचार हजाराच्या आसपास हातात येत होते. दर दूध बिलाला दीड हजार, असे बारा हप्ते ठरले. अकरा वेळेवर आले, बारावा दिवाळीच्या दूध फरकातून, म्हणजे वर्षाच्या दुधावर संस्था नंतर देते त्या वाढीव रकमेतून, आला.

पण त्या दिवसाची खरी टोचणी वेगळी आहे. आमचं रुग्णालय तेव्हा सरकारी योजनेत होतं आणि ते ऑपरेशन योजनेत बसत होतं. आजींचं रेशनकार्ड घरी फडताळात होतं. दाखल करताना ते कोणी मागितलंच नाही.

गेली बावीस वर्षं मी कोल्हापुरात रुग्णालयांच्या बिलिंग विभागात काम करते आहे. या काळात एक गोष्ट पक्की कळली. थकबाकी डिस्चार्जच्या दिवशी दिसते, पण ती तयार झालेली असते पहिल्या दिवशी, आपल्याच काउंटरवर. म्हणून या लेखात वसुलीच्या फोनपेक्षा दाखल करतानाच्या पंधरा मिनिटांवर मी जास्त लिहिणार आहे. राजारामपुरी, ताराबाई पार्क, इचलकरंजी, गडहिंग्लज इथली तीस ते शंभर खाटांची खासगी आणि ट्रस्टची रुग्णालयं माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

सुरुवात खतावणीपासून: बाकी कोणाकडे आहे ते वेगळं करा

"आमची पन्नास लाख थकबाकी आहे, लोक पैसे बुडवतात," असं डॉक्टर सांगतात तेव्हा मी आधी यादी मागते. यादीत सगळं एकत्र असतं: विमा कंपनीकडून यायचे, सरकारी योजनेचे, ईएसआयचे (कामगार राज्य विमा योजनेचे), कारखान्यांचे आणि रुग्णांचे. या प्रत्येकाची वसुली वेगळी, माणूस वेगळा, मुदत वेगळी.

समजुतीसाठी एक हिशेब मांडते. समजा एकूण येणे ४८ लाख आहे. वेगळं केल्यावर निघालं की विमा कंपन्या आणि टीपीएकडे (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे) १९ लाख, योजनेचे ११ लाख, ईएसआय आणि कंपन्यांचे ७ लाख, रुग्णांच्या खिशातून यायचे ११ लाख. म्हणजे रुग्णांना फोन करकरून थकलेला तुमचा माणूस चौथाईपेक्षाही कमी रकमेच्या मागे आहे आणि ३७ लाखांच्या फायली कपाटात आहेत.

मग प्रत्येक गटाचं वय पाहा: तीस दिवसांच्या आतली बाकी, तीस ते साठ, साठ ते नव्वद आणि नव्वदच्या पुढची. एक्सेलमध्ये दोन दिवसांचं काम आहे. ते करताना निम्म्या जुन्या नोंदी मुळात बाकी नसतातच, हे तुमच्या लक्षात येईल. सगळ्यात जास्त सापडतो तो टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर. टीपीए रुग्णालयाला पैसे देताना दहा टक्के टीडीएस कापतो. एक लाखाचा क्लेम मंजूर झाला की खात्यात नव्वद हजार येतात. उरलेले दहा हजार आयकर खात्याकडे आपल्या नावावर जमा असतात, पण आपल्या खतावणीत ते त्या रुग्णाच्या नावावर वर्षानुवर्षं थकीत दिसतात. दर तिमाहीला आयकर खात्याकडच्या टीडीएसच्या उताऱ्याशी (२६एएस) ताळा घ्या. तसंच विमा कंपनीशी केलेल्या करारात आपण कबूल केलेली सूट. ती सवलत म्हणून नोंदवायची असते, येणे म्हणून ठेवायची नसते. एका फिजिओथेरपिस्ट ताईंना, म्हणजे आमच्या जुन्या रुग्णाला, असल्याच टीडीएसच्या रकमेसाठी तीन फोन गेले होते. त्यांनी पावत्या आणून टेबलावर ठेवल्या तेव्हा मला मान वर करता आली नाही.

दाखल करतानाची पंधरा मिनिटं

तातडीचा रुग्ण असेल तर आधी उपचार, मग कागद. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. रुग्णालय धर्मादाय असेल तर तातडीच्या रुग्णाकडे अनामत रक्कम मागायचीच नाही, असा नियम आहे. रुग्ण स्थिर झाला की नातेवाइकाला बसवा. उभ्याउभ्या, गर्दीत, काचेच्या भोकातून हे बोलणं होत नाही. एक खुर्ची आणि पाण्याचा ग्लास लागतो.

पहिला प्रश्न रेशनकार्डाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण लागू झालं, पांढरं कार्डही त्यात आलं. तरीही "आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला नाही मिळत" असं सांगणारे आजही रोज भेटतात, आणि आपले कर्मचारीसुद्धा मान डोलावतात. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड मिळतं, ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. तुमचं रुग्णालय योजनेत नसेल तर ते स्पष्ट सांगा, आणि रुग्ण हलवण्याजोगा असेल तर सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा योजनेतलं दुसरं रुग्णालय सुचवा. एक रुग्ण गेल्याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्याला परवडणार नाही अशा माणसाला अंधारात ठेवून दाखल करून घेतलं, की त्याचं बिल पुढे आपल्याच यादीत येतं आणि त्याच्या घरावर कर्ज चढतं.

निपाणी, चिक्कोडी, बेळगावकडून येणाऱ्यांबद्दल एक सूचना. सीमाभागातल्या ८६५ गावांना या योजनेत घेण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये घेतला. "तुम्ही कर्नाटकचे" म्हणून परस्पर नकार देऊ नका. त्या गावाचं नाव घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाला, विचारा.

दुसरा प्रश्न: "पगारातून ईएसआय कापतं का?" शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रीतला कामगार पुष्कळदा स्वतःहून सांगत नाही. २१ हजारांपर्यंत पगार असेल तर तो ईएसआयत असण्याची शक्यता मोठी. मात्र ईएसआयच्या रेफरलशिवाय केलेल्या उपचाराचं बिल पुढे अडकतं, म्हणून रेफरलचा कागद पहिल्याच दिवशी हातात हवा.

तिसरा विम्याचा. कार्डाची झेरॉक्स घेऊन थांबू नका, पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा बघा. मर्यादा तीन हजाराची आणि खोली पाच हजाराची घेतली, तर अनेक पॉलिसींमध्ये विमा कंपनी फरकाचे दोन हजार कापून थांबत नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे इतर खर्चही त्याच प्रमाणात कापते. डिस्चार्जच्या दिवशी उडणाऱ्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे आहे. खोली देण्याआधी हे तोंडी सांगा आणि कागदावर सही घ्या.

अपघाताचा रुग्ण असेल तर आणखी एक वाट आहे. पुणे–बंगळूर महामार्गावरचे अपघात आपल्याकडे सतत येतात. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी रोकडविरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. त्यात निश्चित केलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंतचा खर्च मिळतो. पोलिसांना कळवण्याचं काम रात्रपाळीच्या माणसाला नीट शिकवलेलं असेल तरच ही वाट उघडते.

या सगळ्यातून जे खिशातून द्यायचं उरतं त्याचं अंदाजपत्रक मराठीत, एका पानावर द्या. "साधारण ऐंशी हजार होतील" असं तोंडी सांगू नका. खोली, ऑपरेशन, भूल, औषधं, तपासण्या यांचे अंदाज वेगवेगळे लिहा आणि गुंतागुंत झाली तर रक्कम कुठपर्यंत जाऊ शकते तेही लिहा. तो वरचा आकडा सांगायला डॉक्टरांना संकोच वाटतो. मी त्यांना एवढंच सांगते की तो आकडा पहिल्या दिवशी ऐकला तर माणूस भावाला फोन करतो, पतसंस्थेत जातो, भिशी उचलतो. शेवटच्या दिवशी ऐकला तर त्याच्या हातात काहीच राहत नाही.

शेवटी दोन फोन नंबर घ्या. एक जवळच्या नातेवाइकाचा, दुसरा घरात पैशाचा निर्णय घेणाऱ्याचा. आपल्याकडे हे दोघे बहुतेक वेळा वेगळे असतात. दोन्ही नंबरांवर तिथल्या तिथे रिंग देऊन पाहा. आणि हसतबोलत विचारून घ्या: घरात पैसा कशाचा येतो, केव्हा येतो? दूध, ऊस, पगार, यंत्रमाग, गवंडीकाम? केसपेपरच्या मागे ही एक ओळ लिहिलेली असली की पुढचं सगळं सोपं जातं.

रुग्ण दाखल असताना

दर दोन दिवसांनी चालू बिल नातेवाइकाच्या हातात द्या. छापील, औषधांच्या बिलासकट. मेडिकल दुकान वेगळं चालवायला दिलेलं असेल तर तिथली उधारी धरून सांगा, नाहीतर माणूस फक्त रुग्णालयाच्या बिलाची तयारी करतो. अंदाजपत्रकाच्या पुढे वीस टक्के गेलं की डॉक्टरांनी स्वतः बोलावं, असा आमचा नियम आहे. बिल का वाढलं हे क्लार्क सांगू शकत नाही. रक्तस्राव झाला, दोन दिवस आयसीयूत जास्त ठेवावं लागलं, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की माणूस पैशाची सोय करायला निघतो. काउंटरवर ऐकलं की त्याला संशय येतो.

मोठी रोख रक्कम घेताना एक भान ठेवा. आयकर कायद्यानुसार एकाच प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. एका ॲडमिशनचे हप्ते वेगवेगळ्या दिवशी आले तरी ते एकच प्रसंग धरले जाऊ शकतात, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका असतो.

विमा आणि योजनेचे क्लेम: पैसा इथे अडतो

कॅशलेस क्लेममध्ये, म्हणजे विमा कंपनी थेट रुग्णालयाला पैसे देते तिथे, आयआरडीएआय या विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने मुदती घातल्या आहेत. सुरुवातीच्या विनंतीवर एका तासात निर्णय, आणि डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी. तीन तासांपुढे उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने काही जादा आकारलं, तर ते विमा कंपनीने सोसायचं आहे. याचा उपयोग करायचा तर विनंती पाठवल्याची वेळ आपल्याकडे नोंदलेली हवी. आमच्या मदतनीस मुली वहीत मिनिटासकट वेळ लिहितात आणि तीन तास झाले की त्याच नोंदीवर बोट ठेवून फोन लावतात.

डिस्चार्जनंतर सात दिवसांत पूर्ण फाईल गेली पाहिजे. फायली का अडकतात ते मी एकदा वर्षभर टिपून ठेवलं होतं. कारणं तीच तीच: ऑपरेशन नोटवर सर्जनची सही नाही, इम्प्लांटचं स्टिकर लावलेलं नाही, एक्स-रेवर तारीख नाही, डिस्चार्ज कार्डावरचं निदान आणि मंजुरीतलं निदान जुळत नाही, आधारवर "पाटील बाळू" आणि रेशनकार्डावर "पाटील बाळासो". यातली एकही गोष्ट विमा कंपनीच्या हातातली नाही. सिस्टरांनी थिएटरमध्येच स्टिकर फाईलला लावायचं, आणि सही झाल्याशिवाय फाईल वॉर्डातून हलवायची नाही, या दोन सवयी लावल्या तरी क्वेरी, म्हणजे कंपनीने काढलेल्या शंका, निम्म्यावर येतात, हे मी करून पाहिलेलं आहे.

क्वेरी आली की अठ्ठेचाळीस तासांत उत्तर. कपात झाली तर कारण वाचा, पटत नसेल तर लेखी हरकत घ्या. बरीच रुग्णालयं "दिलं तेवढं दिलं" म्हणून गप्प बसतात. आणि जी कपात आपल्या कागदाच्या चुकीने झाली ती रुग्णाच्या नावावर टाकू नका. योजनेच्या पॅकेजमध्ये बसलेल्या उपचारासाठी तर रुग्णाकडून काहीच घ्यायचं नाही, मग योजनेचे पैसे यायला कितीही वेळ लागो.

डिस्चार्जच्या दिवशी: माणसाला अडवायचं नाही

माझ्या पहिल्या नोकरीच्या ठिकाणी, नाव सांगत नाही, बिल पूर्ण होईपर्यंत डिस्चार्ज कार्ड खणात कुलूपबंद असायचं. किल्ली माझ्याकडे होती. एका बाळंतिणीला तीन दिवस जास्त राहावं लागलं आणि त्या तीन दिवसांचं खोलीभाडंही बिलात चढलं. मी ते माझ्या हाताने चढवलं. याची लाज मला आजही वाटते.

पैशासाठी रुग्णाला थांबवून ठेवणं किंवा मृतदेह न देणं बेकायदा आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत हे आहे, महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ मधल्या सुधारित नियमांतही आहे. अडवून ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा ठरू शकतं. रुग्णाच्या फाईलची प्रत आणि रिपोर्टही त्याचे आहेत, ते बाकीसाठी रोखू नयेत. मॅनेजरांना एक व्यवहाराची गोष्टही सांगते: अडवलेला प्रत्येक दिवस एक खाट अडवतो, आणि सुटून गेलेला माणूस पुन्हा फोन उचलत नाही.

अडवण्याऐवजी त्याला बसवा आणि हमीपत्र करा. आम्ही वापरतो तो मजकूर असा:

"मी, ______, रा. ______, ता. ______, रुग्ण ______ यांचा/ची ______ (नाते). दि. ______ ते दि. ______ या काळातील उपचारांचे एकूण बिल रु. ______ असून त्यापैकी रु. ______ भरले आहेत. उर्वरित रु. ______ देणे आहे हे मला मान्य आहे. ही रक्कम मी दर ______ रोजी रु. ______ याप्रमाणे दि. ______ पर्यंत भरेन. हप्ता चुकणार असल्यास आधी कळवेन. या रकमेवर व्याज नाही. रुग्णाची सर्व कागदपत्रे मला मिळाली आहेत."

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यामुळे सही दबावाखाली घेतली असं पुढे म्हणायला जागा कमी राहते. हमीपत्र वाचून दाखवा, एक प्रत घरी द्या. कोरा चेक घेऊन ठेवण्याची पद्धत मी बंद केली. चेक परत गेला तर मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, मग पैसे भरायला पंधरा दिवस, मग महिन्याभरात तक्रार, आणि पुढे कोर्टाच्या तारखा. वीस हजारांच्या बाकीसाठी हे ना आपल्याला परवडतं ना त्या घराला.

हप्ता कोणत्या तारखेला? कोल्हापूरचं पैशाचं कॅलेंडर

"दर महिन्याच्या एक तारखेला" हा हप्ता सरकारी नोकराला चालतो. आपल्या बहुतेक रुग्णांना एक तारखेचा पगार नाही. हप्ता चुकतो तो अनेकदा तारीखच चुकीची असते म्हणून.

दूध घालणाऱ्याला दहा दिवसांचा हप्ता द्या. संस्थेचं बिल महिन्यातून तीनदा होतं, त्यातून पशुखाद्य आणि संस्थेची उचल कापली जाते, म्हणून पासबुकात हातात किती पडतं ते पाहून त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ नका. म्हैस आटली की बिल घटतं, हेही विचारा. दिवाळीआधी दूध फरकाची एकरकमी रक्कम येते. मोठा शेवटचा हप्ता तिथे ठेवा.

ऊसवाल्याचं वेगळं. "ऊसबिल आलं की देतो की, पळून जातोय व्हय?" हे वाक्य खरं असतं, पण अपुरं असतं. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावं असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, प्रत्यक्षात ते पुढेमागे होतं. ऊसदराचं आंदोलन लांबलं, हंगाम उशिरा सुरू झाला, की सगळंच सरकतं. शिवाय बिल आधी गावच्या विकास सेवा संस्थेच्या, म्हणजे सोसायटीच्या, पीककर्जाला जातं आणि उरलेलं हातात येतं. म्हणून तीन प्रश्न विचारा: तोड कधी आहे, सोसायटीचं कर्ज किती आहे, खोडवा (तोडणीनंतर खोडातून फुटलेला ऊस) की लागण (नव्याने लावलेला)? मग तारीख ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये शेतकऱ्याकडे हप्ता ठेवू नका. तेव्हा पैसा नसतो, पंचगंगेला पाणी आलं तर रस्ताही नसतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आम्ही शिरोळ आणि करवीरच्या पूरग्रस्त गावांतल्या सगळ्या हप्त्यांना स्वतःहून मुदत वाढवून दिली, आणि तसं फोन करून कळवलं. त्यातले बहुतेक हप्ते पुढे आले.

इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला आठवड्याचा पगार असतो. त्याला महिन्याला तीन हजार म्हटलं की दडपण येतं, पगाराच्या संध्याकाळी सातशे दे म्हटलं की तो देतो. फाउंड्रीतल्या कामगाराचा पगार कोणत्या तारखेला होतो ते विचारून त्याच्या दुसऱ्या दिवशीचा हप्ता ठेवा.

फोन कसा करायचा

हप्त्याच्या दोन दिवस आधी एक साधा निरोप. चुकला तर तिसऱ्या दिवशी फोन. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर नाही. रिझर्व्ह बँकेने कर्जवसुलीसाठी ही वेळ घालून दिली आहे, ती आपण पाळायला काय हरकत आहे? शेतकऱ्याला धार काढायच्या वेळीही फोन नको.

बोलणं तब्येतीपासून सुरू करा, पण आधी फाईल बघा. आमच्या एका नव्या मुलाने मोठ्या आपुलकीने विचारलं, "काका आता कसे आहेत?" पलीकडून उत्तर आलं, "आज दहावा हाय त्येंचा." काका घरी गेल्यावर वारले होते आणि आमच्याकडे नोंद नव्हती. त्या दिवसापासून फोनच्या आधी वॉर्डच्या सिस्टरांकडून किंवा फॉलोअपच्या वहीतून रुग्णाची खबर घेतल्याशिवाय नंबर लावायचा नाही, असं ठरलं. रुग्ण दगावला असेल तर दिवसकार्य होईपर्यंत कुठलाही फोन जात नाही. त्यानंतरचा पहिला फोन मी स्वतः करते.

"केव्हा भरताय?" असं विचारलं की "बघतो" येतं. त्याऐवजी: "दादा, वीस तारखेचं दूध बिल झालं का? त्यातले पंधराशे राहिलेत. जमत नसेल तर या खेपेला किती जमतील सांगा, मी लिहून घेते." पाचशे आले तरी घ्या, पावती द्या. सरपंचाला, शेजाऱ्याला, कारखान्यातल्या मुकादमाला फोन करायचा नाही. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही टाकायचं नाही. निरोपात आजाराचं नाव लिहायचं नाही. फोन कुटुंबातल्या लहान मुलाने उचलला तर "ताईंना सांग दवाखान्यातून फोन होता" एवढंच.

प्रत्येक फोनची एक ओळ वहीत: तारीख, कोण बोललं, काय कबूल झालं, पुढची तारीख. माणूस बदलला तरी नव्या माणसाने तोच प्रश्न परत विचारू नये, यासाठी ही वही.

खरंच देऊ न शकणारे

त्यांना लवकर ओळखणं हेही वसुलीचंच काम आहे. ट्रस्टच्या रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ एए लागू आहे. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात, आणि त्यासाठी एकूण बिलाच्या दोन टक्के रकमेचा निर्धन रुग्ण निधी. उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना सप्टेंबर २००६ पासून चालू आहे. तरीही मी अशी खाती पाहिली आहेत, की निधीत पैसे शिल्लक आणि त्याच महिन्यात निर्धन रुग्णांची बाकी थकीत. उत्पन्नाचा दाखला वेळेत मागितला नाही, एवढंच कारण. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड रुग्ण दाखल असतानाच घ्या, चालू उत्पन्नमर्यादा धर्मादाय कार्यालयाकडून कळवून घ्या आणि काउंटरवर चिकटवा.

मुख्यमंत्री सहाय्यता निधी, सिद्धिविनायक न्यास यांची मदतही मिळते. अर्ज डिस्चार्जची वाट न पाहता, उपचार चालू असतानाच करावा. त्याला लागणारं खर्चाचं अंदाजपत्रक डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी आपणच द्यायचं असतं. ते मागायला आलेल्या नातेवाइकाला "उद्या या" म्हणू नका. गावाहून परत यायला त्याचा एक दिवसाचा रोजगार जातो.

सवलत कोण देणार हे ठरलेलं असू द्या: पाच हजारांपर्यंत मॅनेजर, पुढे डॉक्टर किंवा विश्वस्त, आणि प्रत्येक सवलतीचं कारण लिहिलेलं. ओळखीच्या माणसाला फोनवर दहा हजार सोडायचे आणि गगनबावड्याच्या मजुराला पाचशेसाठी ताटकळत ठेवायचं, हे मी पाहिलं आहे. ते थांबवायचं तर कारणाचा रकाना भरावाच लागतो.

कायद्याचा मार्ग

मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा रकमेसाठी दावा लावायला तीन वर्षं असतात. त्या तीन वर्षांच्या आत देणेकऱ्याने बाकी लेखी मान्य केली, किंवा त्याच्या सहीने थोडी रक्कम भरली, तर मुदत तिथून नव्याने मोजली जाते. म्हणून हप्ता घेताना पावतीच्या स्थळप्रतीवर भरणाऱ्याची सही घ्या. दावा मात्र मी क्वचितच सुचवते. ऐपत असून टाळाटाळ करणारा, मोठ्या रकमेचा, हमीपत्र हातात असलेला असेल तरच.

त्याआधी लोकअदालत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्यापूर्वीचं प्रकरण म्हणून अर्ज देता येतो, कोर्ट फी लागत नाही, आणि तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही. तिथे जाताना आपली कमीत कमी रक्कम ठरवून जा. बिलाचा तपशील मराठीत न्या. आणि समोरच्याची उपचारांबद्दल तक्रार असेल, तर ती आधी डॉक्टरांसमोर ऐकून घ्या. अनेक "बुडव्यांची" खरी तक्रार पैशांबद्दल नसते. जखम चिघळली तेव्हा कोणी नीट बोललं नाही, ही असते.

खासगी वसुली एजंट नेमू नका. टक्केवारीवर काम करणारा माणूस तुमच्या रुग्णालयाचं नाव घेऊन कोणाच्या दारात काय बोलेल, ते तुम्हाला कळणारही नाही.

दर महिन्याची अर्धा तासाची बैठक

महिन्याच्या पहिल्या सोमवारी डॉक्टर, मॅनेजर, बिलिंग, टीपीए डेस्क आणि मुख्य सिस्टर एकत्र बसा. कागद एकच. त्यावर एकूण येणे चार गटांत, प्रत्येकाचं वय, आणि एक आकडा: येणे भागिले रोजचं सरासरी बिल. महिन्याचं बिल साठ लाख म्हणजे रोजचं दोन लाख. येणे ४८ लाख असेल तर चोवीस दिवसांचं काम बाहेर अडकलं आहे. हा आकडा महिन्यागणिक उतरतो आहे का, ते बघा. मग नव्वद दिवसांपुढची प्रत्येक मोठी फाईल नावाने काढा आणि त्याच बैठकीत तिच्यापुढे तीनपैकी एक लिहा: पाठपुरावा, निधीतून किंवा सवलतीतून मिटवायची, बुडीत. बुडीत लिहिलेल्या घरात पुन्हा फोन जाणार नाही, आणि तो रुग्ण उद्या परत आला तर त्याला दारात जुनी बाकी विचारली जाणार नाही, हेही तिथेच लिहून ठेवा.

आमच्या त्या कागदाच्या तळाशी मी गेली काही वर्षं एक ओळ वाढवली आहे: "या महिन्यात दाखल करताना रेशनकार्ड न विचारलेले रुग्ण." सिस्टर ती केसपेपर मोजून भरतात. मागच्या महिन्यात तिथे तीन होते. तिघांच्याही घरी फोन झाले आहेत, दोघांची कार्डं आली, तिसरी फाईल अजून माझ्या टेबलावर उघडी आहे.